‘माका वाटला तो धरतलो’ : मालवण किनाऱ्यावरच्या एका कबड्डी संघाचं प्रकरण

सामना संपायला चारेक मिनिटं उरली होती आणि आमच्या गावचा संघ पाच गुणांनी पुढे होता. मैदानात आमचे चौघे. समोरच्या संघाच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, म्हणजे ही तिसरी. गुण घेतला नाही तर चढाई करणारा बाद. तो आला, निदान रेषा ओलांडली आणि डाव्या कोपऱ्याच्या आणि डाव्या मध्यरक्षकाच्या बरोबर मध्ये येऊन थांबला. मी रेषेपासून दहा-बारा फुटांवर बसले होते, त्यामुळे पुढचं सगळं नीट दिसलं. कोपऱ्यावरच्या पोराचा उजवा गुडघा वाकला. मध्यरक्षकाचा खांदा पुढे आला. दोघांनीही अर्धं पाऊल टाकलं, एकमेकांकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि दोघेही तिथेच थांबले. चढाई करणाऱ्याने एकाच्या दंडाला आणि दुसऱ्याच्या बोटांना हात लावला आणि मध्यरेषेकडे उडी घेतली.

दोन गुण गेले, दोघे बाहेर. पुढच्या चढाईत आमचा गडी पकडला गेला. मग उरलेल्या एकट्याला टिपून त्यांनी लोण चढवलं, म्हणजे आख्खा संघ बाद केला; त्या गड्याचा एक आणि लोणाचे दोन, असे तीन गुण. पाचाची आघाडी गेली आणि सामना एका गुणाने गेला.

रात्री टेम्पोच्या मागे बसलेल्या त्या दोघांना मी वेगवेगळं विचारलं, नेमकं काय झालं? कोपऱ्यावरचा म्हणाला, “माका वाटला दादा धरतलो.” मला वाटलं दादा धरेल. दादा, म्हणजे तो मध्यरक्षक, म्हणाला, “माका वाटला तो धरतलो.”

हे एकच वाक्य दोन तोंडांतून ऐकलं आणि मी वही घेऊन या संघाच्या मागे लागले. पुढचा जवळपास सगळा हंगाम त्यात गेला. मंडळाची आणि सगळ्या खेळाडूंची संमती घेऊन हे लिहिते आहे. गावाचं आणि खेळाडूंचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

संघ आणि गावाचं निदान

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. कबड्डी मी खेळलेले नाही, पण लहानपणापासून देवळामागच्या मैदानावर पाहत आले. मंडळाच्या अध्यक्षांनी मला बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी. “मॅडम, पोरांका जरा दोन शब्द सांगा. धीर येवक व्हयो.” आदल्या हंगामातही संघ तीनदा असाच शेवटच्या मिनिटांत हरला होता. गावात त्याची दोन कारणं सांगितली जात. एक, दम कमी पडतो. दुसरं, आणि हे जास्त ठामपणे, “ह्यांच्यात एकीच नाय.”

पहिल्या कारणात तथ्य असू शकेल असं मला वाटलं. दुसरं मात्र मला पटेना, कारण मी पाहत होते ते अगदी उलट होतं. बारा जणांत चार जण एकाच आडनावाचे, सख्खे-चुलत भाऊ. गावात राहणाऱ्यांतले सात जण रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं जाळं ओढायला, एकाच दोराला लागतात, शिमग्यात एकत्र फिरतात, दशावताराच्या रात्री एका चटईवर पेंगतात. स्पर्धेच्या गावी गेल्यावर एकाच्या ताटातली सुरमई दुसरा न विचारता उचलतो. संघातले तिघे मुंबईला आणि एक गोव्यात कामाला. ते येतात रात्रीच्या गाडीने, कुडाळला उतरतात आणि घरी बॅग टाकायच्या आधी मैदानावर पोचतात. स्वतःच्या रजा मोडून. याला एकी नाही म्हणायचं, तर एकी म्हणजे काय?

भाषण द्यायला मी नकार दिला. ज्याचं कारण कळलेलं नाही त्याच्यावर भाषण हा इलाज होऊ शकत नाही, असं माझं मत आहे, आणि खेळाच्या मानसशास्त्राच्या नावाखाली गावोगाव जी प्रेरणादायी व्याख्यानं होतात त्यांनी या विषयाचं बरंच नुकसान केलं आहे, असंही. अध्यक्ष थोडे नाराज झाले, पण “बघा तर मग” म्हणाले.

एकी दोन प्रकारची

‘संघाची एकी’ या गोष्टीवर सर्वांत चिवटपणे काम केलं ते कॅनडाच्या अल्बर्ट कॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. कॅरन यांनी 1982 मध्ये एक आराखडा मांडला आणि 1985 मध्ये विडमायर, ब्रॉली आणि त्यांनी मिळून 18 विधानांची प्रश्नावली तयार केली, जी आजही वापरली जाते. त्यातला कळीचा मुद्दा साधा आहे. खेळाडू एकमेकांना धरून असतात ते दोन कारणांनी : एकमेकांची सोबत आवडते म्हणून, आणि हातातलं काम एकत्र तडीस न्यायचं म्हणून. पहिलीला सामाजिक एकी म्हणतात, दुसरीला कामाची एकी. दोन्ही एकाच संघात असतात, पण एक भरपूर आहे म्हणून दुसरी असेलच असं नाही.

याचं मला नेहमी आठवणारं उदाहरण जर्मन आठजणी नावेचं आहे. हान्स लेंक हा तत्त्वज्ञ स्वतः त्या नावेत वल्हं मारत होता. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्या नावेने सुवर्णपदक जिंकलं. पुढे लेंक यांनी लिहून ठेवलं की अव्वल दर्जाच्या नावांमध्ये आपसात चांगलेच वाद आणि गट असतात, आणि तरीही वल्ही एका तालात पडतात. आपल्याकडे कोणी सांगितलं असतं की एकमेकांशी न पटणारे आठ जण होडी जिंकवून आणतात, तर कोणी विश्वास ठेवला नसता.

1994 मध्ये मलेन आणि कॉपर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. कामगिरीशी नातं दिसलं ते मुख्यतः कामाबद्दलच्या बांधिलकीचं; एकमेकांबद्दलच्या आवडीचं फारसं नाही. शिवाय, एकीमुळे जिंकतात त्यापेक्षा जिंकल्यामुळे एकी वाढते, हा परिणाम जास्त ठळक निघाला. 2002 मध्ये कॅरन यांच्याच गटाने फक्त खेळांतले 46 अभ्यास घेतले तेव्हा मात्र दोन्ही प्रकारच्या एकीचा कामगिरीशी चांगला संबंध आढळला. म्हणजे हा प्रश्न मिटलेला नाही. पण ‘दोन वेगळ्या गोष्टी आहेत’ एवढं तरी पक्कं, आणि माझ्या कामाला तेवढं पुरेसं होतं.

मी ती प्रश्नावली वाटली नाही. परक्या भाषेतली विधानं आमच्या पोरांच्या हातात छापून दिली असती तर त्यांनी परीक्षेसारखी सोडवली असती. संध्याकाळी सराव संपल्यावर एकेकाशी मालवणीत गप्पा मारल्या आणि त्याच रोखाने विचारलं. मंडळ सोडून दुसरीकडे खेळशील का? “मेलंय तरी नाय.” इथवर उत्तरं धबधब्यासारखी. मग विचारलं, मैदानात चौघे उरलात आणि चढाई डावीकडे आली, तर पहिला हात कोणाचा? एक जण म्हणाला कोपऱ्याचा. दुसरा म्हणाला, जो जवळ असेल त्याचा. तिसरा म्हणाला, दादाचा. कप्तान बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “ता तेव्हाच कळता.”

दोर ओढणारी माणसं

खेळातल्या सांघिकपणाच्या अभ्यासाची सुरुवात शोधायला गेलं तर ती आपल्या किनाऱ्याला ओळखीची वाटावी अशा दोन वस्तूंपाशी पोचते. 1898 मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची रिळं फिरवायला लावली, एकट्याने आणि शेजारी दुसरं मूल असताना, आणि वेग मोजला. आणि त्याआधी, 1880 च्या दशकात, फ्रान्समधले शेतकी अभियंते माक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावला.

रिंगेलमान यांना खेळाशी देणंघेणं नव्हतं. माणूस, बैल, यंत्र यांपैकी कोणाकडून किती काम निघतं हे त्यांना हवं होतं. 1913 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. दोरावर माणसं वाढत जातात तसा एकूण जोर वाढतो, पण माणशी जोर घटत जातो. आठ जण लागले की एकेकाचा जोर त्याने एकट्याने ओढताना लावला असता त्याच्या जवळजवळ निम्म्यावर येतो.

रापण पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटतं. होडी जाळं घेऊन अर्धगोल मारून येते, दोन टोकांचे दोर दोन बाजूंना वाळूवर, आणि प्रत्येक दोराला पंधरा-वीस जण. कोण जीव तोडून ओढतोय आणि कोणाचा हात नुसताच दोरावर आहे, हे लांबून कळत नाही.

पण जोर घटतो तो का? 1972 मध्ये इव्हान स्टायनर यांनी हिशेब मांडला : संघाच्या अंगात जेवढं आहे त्यातून गळती वजा केली की उरते ती प्रत्यक्ष कामगिरी. आणि गळती दोन तऱ्हांची. एक ताळमेळाची, म्हणजे सगळे मनापासून ओढतात पण एका क्षणी, एका दिशेला ओढत नाहीत. दुसरी मनाची, म्हणजे बाकीचे आहेतच म्हणून हात सैल पडतो. 1974 मध्ये ॲलन इंगम आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही वेगळ्या करून दाखवल्या. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, मागे सामील करून घेतलेली माणसं उभी केली, जी नुसता ओढल्याचा आव आणत. दोर खरोखर तो एकटाच ओढत होता, त्यामुळे ताळमेळ बिघडण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मागे माणसं आहेत या समजुतीनेच त्याचा जोर घटला. पुढे 1979 मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या आणि आरोळ्यांवर तेच दाखवलं.

आता आमच्या डाव्या बाजूला काय घडत होतं? गावातल्या काहींना दुसरी गळती वाटत होती. “मुंबयवालो अंग राखता” असं कुजबुजलं जात होतं. हे अतिशय जिव्हारी लागणारं बोलणं आहे, आणि ते त्या डाव्या मध्यरक्षकाच्या कानावर गेलंही होतं. तो डोंबिवलीहून येतो, आठ-नऊ तास बसून. मला त्याच्यावर अन्याय होतोय असं वाटत होतं, पण वाटण्याला पुरावा म्हणता येत नाही. म्हणून नोंदी ठेवायला घेतल्या.

वहीत काय निघालं

पुढच्या तीन सामन्यांत मी समोरच्या संघाच्या प्रत्येक चढाईला चार गोष्टी लिहिल्या. मैदानात आपले किती जण आहेत, चढाई कुठे थांबली, पहिली हालचाल कोणाची, दुसरी कोणाची. एका मैत्रिणीने मोबाइलवर चित्रण केलं, म्हणजे चुकलेलं पुन्हा पाहता येईल.

सात किंवा सहा जण असताना संघ देखणा खेळत होता. चुका होत, पण त्या एकेकाच्या. घोटा सुटला, उडी लवकर मारली, असल्या. चार किंवा त्याहून कमी उरले की चुकांची जात बदलायची. निम्म्याहून जास्त फसलेल्या पकडी दोघांच्या मधल्या जागेत होत्या. कोणाच्या हातातून गडी सुटत नव्हता, हातच पडत नव्हता. आणि अंग राखण्याचा आरोप ज्याच्यावर होता त्याची पहिली हालचाल जवळजवळ प्रत्येक वेळी होती. तो निघायचा आणि थांबायचा.

असं का, याचं उत्तर शोधायला मला कबड्डीतच शिरावं लागलं. सात जण असतात तेव्हा प्रत्येकाची जागा ठरलेली असते : दोन कोपरे, त्यांना धरून आतले दोघे, दोन मध्यरक्षक, एक मधला. साखळ्या ठरलेल्या, कोणाचा हात कोणाच्या हातात हेही ठरलेलं. चौघे उरले की हा नकाशा मोडतो. आतला गडी बाहेर असेल तर कोपरा कोणाशी साखळी करणार? मधला नसेल तर मध्यरक्षकाने आत सरकायचं की बाहेर? कोण बाद झालाय त्यावर चौघांची जुळणी दर वेळी वेगळी होते. आमचा संघ सराव नेहमी सातांचा करायचा, आणि मुंबईकर नसतील तेव्हा त्यांच्या जागी पोरं उभी करून. सातांची साखळी पाठ होती. चौघांची कोणी कधी केलेलीच नव्हती.

इथे रॉबर्ट झायॉन्क यांचं 1965 मधलं म्हणणं अगदी चपखल बसतं. बघणारी माणसं समोर असली की अंगवळणी पडलेलं काम आणखी चांगलं होतं आणि अंगवळणी न पडलेलं आणखी बिघडतं, असं त्यांनी मांडलं. प्रकाशझोत, भोंगे, दोन-तीन हजार माणसं. सातांच्या वेळी हीच गर्दी आमच्या संघाला चढवत होती, चौघांच्या वेळी तीच पाय बांधत होती. दम कमी पडणं याचा वाटा असेलही, पण तो मूळ दोष नव्हता.

दादाला कसं सांगायचं

नकाशा मोडतो हे कळलं. पण मैदानात तोंड आहे, दोन शब्दांत ठरवता येतं. ते का होत नव्हतं?

डावा कोपरा एकोणीस वर्षांचा, शेजारचा मध्यरक्षक त्याचा चुलत भाऊ, नऊ वर्षांनी मोठा. त्यानेच याला लंगडीपासून सगळं शिकवलेलं. मी त्या पोराला विचारलं, तू आधी पाहिलंस, मग ‘मी जातो’ असं ओरडलास का नाही? त्याने पायाच्या अंगठ्याने माती उकरत सांगितलं, “दादाक कसा सांगतलंय, तू थांब म्हणून?”

घरात जेवायला बसताना जो आदर शोभतो, तोच मैदानात अर्ध्या सेकंदाचं मौन होतो. कंपन्यांमधल्या गटांवर एमी एडमंडसन यांचं 1999 मधलं काम आहे, एका उत्पादक कंपनीतल्या 51 गटांवर केलेलं. चूक बोलून दाखवली, शंका काढली, मदत मागितली तर आपल्याला कमी लेखलं जाणार नाही, असा भरवसा जिथे असतो ते गट जास्त शिकतात आणि चांगलं काम करतात. त्याआधी रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास करताना त्यांना एक चक्रावणारी गोष्ट दिसली होती. चांगल्या गटांत औषधांच्या चुकांच्या नोंदी जास्त होत्या. खुलासा असा की तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या.

आमच्या टेम्पोत हरल्यावर काय व्हायचं? “जाव दे, पुढच्या टायमाक बघूया.” कोणी कोणाला बोल लावायचं नाही. मी आधी याला संघाचा मोठेपणा समजत होते. दोन महिने बसल्यावर कळलं की त्या प्रेमळ ‘जाव दे’खाली तीच चूक हंगामभर झाकून ठेवलेली होती.

रापणीवरची सकाळ

एका रविवारी पहाटे संघातले पाच जण रापणीला होते, म्हणून मीही गेले. थंडीचे दिवस, दोर ओला आणि हाताला बोचणारा. डाव्या दोराची माणसं जास्त होती, त्यामुळे जाळ्याची ती बाजू पुढे यायला लागली. एक बाजू पुढे आली की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. दोन दोरांच्या मध्ये, पाण्यात घोट्यापर्यंत उभे असलेले सत्तरीचे आजोबा नुसता हात वर करून म्हणाले, “थांबा रे, तकडली बाजू येवंदे.” डावीकडची वीस माणसं जागीच थांबली. त्यांत आजोबांचा मोठा भाऊ होता, गावचे माजी सरपंच होते. कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

वाटे घालून झाल्यावर मी आजोबांना विचारलं, मोठ्या भावाला थांब म्हणताना काही वाटत नाही? ते म्हणाले, “जाळा पाण्यात जावच्या आदी काय ता ठरवचा. मगे तोंडाक तोंड लावचा नाय.”

माझ्या शेजारी बांगड्याची पिशवी धरून डावा कोपरा उभा होता. त्याने ते ऐकलं. संध्याकाळी सरावाला त्यानेच विषय काढला, मी नाही.

काय बदललं

पुढचे सहा आठवडे सरावाची शेवटची वीस मिनिटं चौघांची आणि तिघांची. सगळे दमलेले असताना, आणि गावातल्या पोरांना रेषेभोवती बसवून मुद्दाम आरडाओरडा करायला लावून. कोण बाद असेल तर कोण कुठे सरकणार हे आठ-दहा जुळण्यांसाठी कप्तानाने स्वतः मातीत काडीने काढून ठरवलं. मी त्यात एक अक्षर बोलले नाही, ते माझं कामच नव्हतं. काढलेल्या प्रत्येक जुळणीचा फोटो आणि वर कप्तानाचा आवाज, असं मुंबई-गोव्याच्या चौघांना व्हॉट्सॲपवर जायचं. स्पर्धेच्या दिवशी सकाळी ते उतरले की देवळाच्या अंगणात अनवाणी, धावपळ न करता, नुसतं चालत सगळ्या जुळण्या एकदा.

हाक ठरली : “माझो!” जो आधी ओरडेल तो जाणार, दुसरा मागून साखळी देणार. वय, नातं काही नाही. जाळं पाण्यात जाण्याआधी ठरलेलं.

हाकेला एक अडचण निघाली. स्पर्धेच्या मैदानावर समालोचकाचे भोंगे इतके कर्कश असतात की शेजारच्याचं ऐकू येत नाही. तिथे गावातले एक जुने खेळाडू उपयोगी पडले. त्यांच्या काळी साखळीतला हात दाबून खूण करायचे : एकदा दाबलं की मी जातो, दोनदा दाबलं की तू जा. तीच उचलली. मला इथे क्राउस, हुआंग आणि केल्टनर यांचा 2010 मधला अभ्यास आठवला. अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलच्या 2008-09 च्या हंगामात सुरुवातीच्या सामन्यांत ज्या संघांचे खेळाडू एकमेकांना जास्त स्पर्श करत होते, टाळ्या देत, पाठ थोपटत, ते पुढे हंगामात जास्त सहकार्याने आणि चांगलं खेळले. तिथे स्पर्श जिव्हाळ्याची खूण होता. कबड्डीत तो थेट निरोप असतो. साखळीत उभ्या असलेल्या दोघांचं बोलणं तळव्यातून चालतं, यावर कोणी नीट अभ्यास करावा असं मला मनापासून वाटतं. हा खेळ आपला आहे.

एक गोष्ट मात्र मी चुकवली. 1989 मध्ये विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी जलतरणाच्या रिलेवर काम केलं होतं. प्रत्येकाची वेळ जाहीर केली जात नव्हती तेव्हा पोहणारे रिलेत एकट्यापेक्षा हळू पोहत. जाहीर केली की रिलेत उलट जास्त वेगाने. म्हणजे आपला वाटा ओळखू येतो हे कळलं की अंग सैल पडत नाही. हे डोक्यात ठेवून मी दुसऱ्या आठवड्यात वहीतले आकडे सगळ्यांसमोर वाचून दाखवले, कोण किती वेळा थांबला ते. उजवा मध्यरक्षक मान खाली घालून ऐकत राहिला आणि नंतर तीन दिवस सरावाला आला नाही. मी त्याच्या घरी गेले. त्याची आई म्हणाली, तो जेवत नाही. तिथल्या जलतरणपटूला त्याची वेळ भोंग्यावर ऐकायची सवय असते. इथे बारा भावांसमोर बाईंनी चुका मोजून दाखवल्या, याचा अर्थ वेगळाच होतो. मी त्याची माफी मागितली, त्याच्या घरीही आणि मैदानावरही. त्यानंतर वही ज्याची त्यालाच, एकट्याला दाखवायची असं ठरलं.

त्याच संध्याकाळी कप्तान आपणहून उभा राहिला. “पयली चूक माझी. त्या दिवशी मी माझी जागा सोडलंय, म्हणून मधे खिंडार पडला.” कोणी काही बोललं नाही. मग डोंबिवलीवाला म्हणाला, मी निघतो आणि थांबतो, कारण मला भीती वाटते की पकड सुटली तर लोक म्हणतील याने अंग राखलं. तेव्हा कुजबुज करणाऱ्यांपैकी दोघे तिथेच बसले होते. त्यानंतर रोज सराव संपला की प्रत्येकाने स्वतःची एक चूक सांगायची असा पायंडा पडला, आणि सुरुवात कप्तानाने किंवा वयाने मोठ्या असलेल्याने करायची.

पुढे काय झालं

शिमग्याच्या आधीची शेवटची स्पर्धा. उपांत्यपूर्व सामना, शेवटची तीन मिनिटं, दोन गुणांची आघाडी, आणि मैदानात पुन्हा चौघे. चढाई पुन्हा डावीकडे आली. आमच्या संघाची ती जागा कच्ची आहे हे आता तालुकाभर ठाऊक होतं. भोंग्यांमुळे मला हाक ऐकू आली नाही. पण कोपऱ्यावरच्या पोराची बोटं दादाच्या तळव्यावर आवळली गेली ती दिसली. दादाने हात सोडला, एक पाऊल मागे सरकला. पोराने खाली झोकून देऊन घोटा धरला, आणि गडी मध्यरेषेकडे झेपावत असतानाच दादा वरून त्याच्या कमरेवर पडला.

तो सामना संघाने जिंकला. उपांत्य सामना बरोबरीत सुटला आणि पाच-पाच चढायांच्या डावात हरला. त्या डावात आमचा मुख्य चढाईपटू पकडला गेला. त्यावर आम्ही काहीच काम केलेलं नव्हतं.

या एका हंगामावरून मी काय म्हणू शकते, तेही स्पष्ट लिहिते. तुलनेला दुसरा संघ नव्हता. याच काळात दोघांनी किनाऱ्यावर धावायला सुरुवात केली होती, म्हणजे दमही वाढला असणार. प्रतिस्पर्धी दर वेळी वेगळे. बाई वही घेऊन बसतात यामुळेही पोरं जास्त जपून खेळली असतील. त्यामुळे बदल हाकेने झाला, हाताच्या खुणेने, की चौघांच्या सरावाने, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. दाखवता येतं ते इतकंच की शेवटच्या दोन स्पर्धांत दोघांच्या मधल्या जागेत, हातच न पडता गेलेली चढाई माझ्या वहीत एकदाच आहे.

मे महिन्यात डाव्या कोपऱ्याला पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर होता. त्याच्या जागी आता अकरावीतला एक पोरगा उभा राहतो, अजून घाबरतो. दोघे रेषेच्या कडेला साखळी करून उभे होते आणि मोठा त्याला सांगत होता, “जोरात दाब. दादाक कळाक व्हया.”